कच्छचे अमोनाइट : एका कुळाची वंशावळ कशी लागते

(दादर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

शनिवारची संध्याकाळ, स्टेशनबाहेरची गर्दी, आणि तरीही आपण दगडांवरचं व्याख्यान ऐकायला आलात. त्याबद्दल आधी मनापासून आभार. विषय दगडांचाच आहे, पण सुरुवात एका फोनपासून करू.

काही वर्षांपूर्वी लालबागहून एका काकूंचा आम्हाला फोन आला. म्हणाल्या, "आमच्या मामंजींच्या दोन ट्रंका आहेत. चाळ रिकामी करायचीय, पंधरा दिवस उरलेत. ट्रंकांमध्ये नुसते दगड आहेत. नव्या जागेत न्यायचे कुठे? आणि डेब्रिजमध्ये टाकायला मन होत नाही. तुम्ही एकदा बघून जाल का?"

आम्ही दोघे गेलो. दुसऱ्या मजल्यावरची खोली, अर्धं सामान बांधून झालेलं. मामंजी भूगर्भशास्त्र शिकवायचे आणि सुटीत विद्यार्थ्यांना घेऊन कच्छला जायचे. ट्रंकांमध्ये जुन्या मराठी वर्तमानपत्रांत गुंडाळलेले त्रेचाळीस दगड निघाले. बहुतेक सगळे अमोनाइट. त्यांतल्या सतरा दगडांबरोबर एकेक चिठ्ठी होती : गाव, टेकडी, थर, तारीख. बाकीच्या चिठ्ठ्या ओलीने गेल्या होत्या, काही उंदरांनी नेल्या होत्या.

काकूंनी विचारलं, "यातले चांगले कुठले?" आम्ही न बघताच म्हणालो, "चिठ्ठीवाले." त्यांना ते पटलं नाही. कारण सगळ्यांत मोठा, सगळ्यांत देखणा दगड बिनचिठ्ठीचा होता. आम्ही तसं का म्हणालो, हे आजच्या व्याख्यानात समजावून सांगायचं आहे. ते समजलं की एका कुळाचं वर्गीकरण म्हणजे काय आणि उत्क्रांती दगडात वाचतात कशी, हेही समजेल.

हा प्राणी होता तरी कोण?

अमोनाइट म्हणजे गुंडाळीदार शंख, पण गोगलगायीचा नव्हे. मासळीबाजारात आपल्याला माकूळ दिसतात, ते याचे जवळचे नातेवाईक. माकूळ, ऑक्टोपस, नॉटिलस आणि अमोनाइट हे सगळे शीर्षपाद वर्गातले. दिसायला अमोनाइट नॉटिलससारखा वाटतो, पण नात्याने तो माकळाला अधिक जवळचा आहे. दिसणं आणि नातं यांत फरक असतो, हा मुद्दा आज वारंवार येणार आहे.

काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, पाळलेल्या पक्ष्यांच्या पिंजऱ्यातही तो अडकवलेला असतो. ते माकळाच्याच एका भावंडाच्या अंगातलं कवच. मोडून पाहिलंत तर आत बारीक बारीक कप्पे दिसतील. त्या कप्प्यांत वायू असतो आणि प्राणी पाण्यात तरंगता राहतो. अमोनाइटची युक्ती तीच, फक्त कवच बाहेर आणि गुंडाळलेलं. प्राणी राहायचा शेवटच्या मोठ्या खोलीत. वाढला की पुढे सरकायचा आणि मागे एक पडदा बांधायचा. सगळ्या पडद्यांतून एक बारीक नळी जायची. ती नळी मागच्या कप्प्यांतलं पाणी शोषून घ्यायची, त्या जागी वायू भरायचा. पडदा कवचाच्या भिंतीला जिथे चिकटतो तिथे एक नागमोडी, पानाच्या नक्षीसारखी रेघ उमटते. तिला आम्ही शिवणरेषा म्हणतो. वर्गीकरणात तिला फार मान आहे, कारण प्रत्येक मोठ्या गटाची शिवण वेगळी असते.

आणखी एक गोष्ट अमोनाइटला इतर जीवाश्मांपेक्षा वेगळं करते. आपलं लहानपणीचं हाड मोठेपणी तसंच राहत नाही, ते बदलत जातं. अमोनाइटचं बालपण मात्र त्याच्याच पोटात जपलेलं असतं. सगळ्यांत आतला वेढा म्हणजे पिल्लू, त्यानंतरचा वेढा म्हणजे पोरवय, बाहेरचा वेढा म्हणजे प्रौढ. एक दगड नीट फोडला की जन्मापासूनचा वृत्तांत हातात येतो.

अमोनाइटांचे पूर्वज डेव्होनियन काळात, सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी आले. शेवटचे अमोनाइट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉरांबरोबर संपले. आपण जिथे बसलोय तिथला काळा दगड, म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, त्याच सुमारास ओतला गेला. मुंबई बेटाचा बराचसा दगड तर त्याहून थोडा अलीकडचा. त्यामुळे मलबार हिलवर किंवा परळला खणून अमोनाइट मिळणार नाही. मुंबईचेही जीवाश्म आहेत. वरळीच्या थरांतल्या इवल्या बेडकाचं वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली केलं होतं. पण ते गोड्या पाण्यातले थर. समुद्रातला ज्युरासिक पाहायचा तर आपल्याला सगळ्यांत सोयीचं ठिकाण कच्छ. ते फार परकंही नाही. १९५६ ते १९६० या काळात कच्छ मुंबई राज्यातच होतं, आणि कच्छी माणसाशिवाय आपल्या धान्यबाजाराचं पान हलत नाही.

कच्छचे दगड मुंबईमार्गे

कच्छच्या अमोनाइटांची शास्त्रीय नोंद पहिल्यांदा केली ती मुंबईच्या लष्करी इंजिनियरांतल्या एका अधिकाऱ्याने. कॅप्टन सी. डब्ल्यू. ग्रँट बाँबे इंजिनियर्समध्ये होते. त्यांनी कच्छचा भूशास्त्रीय नकाशा केला आणि जीवाश्म गोळा करून लंडनला पाठवले. तिथे जे. डी. सी. सॉवर्बी यांनी त्यांची वर्णनं केली. तो लेख लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने १८४० मध्ये छापला. पुढे १८५७ मध्ये डॉ. एच. जे. कार्टर यांनी पश्चिम भारताच्या भूशास्त्रावरचे लेख एकत्र करून मुंबईत जो ग्रंथ काढला, त्यात कच्छचाही समावेश होता.

त्या काळी जवळजवळ प्रत्येक अमोनाइटचं पहिलं नाव एकच असायचं : अमोनाइटिस. म्हणजे अख्ख्या गिरगावातल्या सगळ्या माणसांना एकच आडनाव! गुंडाळी दिसली की अमोनाइटिस, पुढे काहीतरी विशेषण. त्यातलाच एक अमोनाइटिस मॅक्रोसेफॅलस, म्हणजे 'मोठ्या डोक्याचा'. श्लोटहाइम या जर्मन अभ्यासकाने १८१३ मध्ये हे नाव दिलं. डोक्याचा तिथे काही संबंध नाही. कवच फुगीर, गरगरीत असतं म्हणून ते नाव. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अभ्यासक हे एकत्र कुटुंब विभक्त करू लागले. १८८४ मध्ये त्सिटेल यांनी या फुगीर मंडळींना स्वतंत्र प्रजाती दिली : मॅक्रोसेफॅलाइटिस. आज आपण ज्या कुळाबद्दल बोलतोय ते हे. मॅक्रोसेफॅलिटिडी.

कुळ, उपकुल, प्रजाती, जाती ही उतरंड कशी, तर आपल्या पत्त्यासारखी. मुंबई, गिरगाव, अमुक वाडी, तमुक चाळ, दुसरा मजला, खोली. पण एक मोठा फरक आहे. पत्ता हा जागेचा असतो, चाळीत शेजारी राहणारे भाऊ असतीलच असं नाही. वर्गीकरणाचा पत्ता मात्र रक्ताच्या नात्याचा असावा लागतो. एका कुळात त्यांनाच ठेवायचं, ज्यांचा पूर्वज एक. म्हणजे हे काम पोस्टमनचं नाही. हे कुलवृत्तांत लिहिणाऱ्याचं काम आहे. आणि कुलवृत्तांत लिहिणारा नुसते चेहरे बघून बसत नाही. कोण कोणाच्या आधी जन्मलं, हे त्याला माहीत असावं लागतं.

वागेन आणि 'काळातला बदल'

इथे एका माणसाचं नाव आवर्जून घ्यायला हवं. विल्हेल्म वागेन. तरुण जर्मन अभ्यासक. डार्विनचं पुस्तक येऊन दहाच वर्षं झाली होती. १८६९ मध्ये वागेन यांनी ज्युरासिकमधल्या एका दुसऱ्या अमोनाइटवर निबंध लिहिला. त्यात त्यांनी एक साधा पण फार मोलाचा भेद केला. एकाच थरात, एकाच काळी, एकाच जातीत जे थोडेफार फरक दिसतात, ते 'प्रकार'. माणसामाणसांत असतात तसे. पण एकावर एक असलेल्या थरांत, खालून वर जाताना जो फरक पडत जातो, तो वेगळा. त्याला त्यांनी 'म्युटेशन' हा शब्द वापरला. आज जनुकांच्या संदर्भात आपण तो शब्द ऐकतो. तो अर्थ नंतरचा. वागेन यांचं म्युटेशन म्हणजे थरांमधून, काळामधून दिसणारा वंशाचा बदल.

आता लालबागच्या चिठ्ठ्या आठवा. दोन दगडांत फरक आहे हे कोणालाही दिसेल. पण तो फरक दोन भावांमधला, की आजोबा आणि नातवामधला? हे दगड सांगत नाही. ते थर सांगतो. थर माहीत नसेल तर उत्क्रांती हा शब्दच वापरता येत नाही.

पुढच्याच वर्षी, १८७० मध्ये, वागेन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात रुजू झाले. फर्डिनांड स्टोलिच्का यांनी १८७१-७२ च्या सुमारास कच्छमध्ये थराथराने जीवाश्म गोळा केले होते. स्टोलिच्का १८७४ मध्ये यारकंद मोहिमेवरून परतताना लडाखच्या वाटेवर वारले. कच्छच्या शीर्षपादांचं काम वागेन यांनी केलं आणि १८७३ ते १८७५ या काळात ते प्रसिद्ध झालं. पच्छम, चारी, कट्रोल आणि उमिया ही कच्छच्या ज्युरासिकची चार मोठी विभागणी त्याच काळात रूढ झाली. पच्छम सगळ्यांत खाली, म्हणजे जुना. आपलं मॅक्रोसेफॅलाइटिस कुळ पच्छमच्या वरच्या भागात दिसू लागतं आणि चारीच्या खालच्या भागात त्याची नुसती रेलचेल असते.

घुमटावर चालत चालत काळ ओलांडणे

कच्छमध्ये थर वाचणं सोपं का जातं? तिथे घुमट आहेत. जुमारा, जारा, कीरा, झुरा, हबो अशा नावांचे. जमिनीखालून रेटा आला आणि थर उलट्या ठेवलेल्या वाटीसारखे वर उचलले गेले. मग वाटीचा माथा ऊनपावसाने झिजून गेला. कांदा आडवा कापल्यावर जशी वर्तुळं दिसतात तशी थरांची कडी उघडी पडली. मध्यभागी सगळ्यांत जुना थर, बाहेर जाल तसा नवा. म्हणजे सकाळी घुमटाच्या मधोमध उभं राहायचं आणि बाहेरच्या दिशेने चालायला लागायचं. दुपारपर्यंत आपण काही लाख वर्षं ओलांडलेली असतात. पाय मात्र सपाट जमिनीवरच!

या चालीत मॅक्रोसेफॅलाइटिसची गोष्ट अशी उलगडते. बाथोनियन काळात, म्हणजे ढोबळमानाने १६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या थोडं आधी, या कुळाच्या पहिल्या जाती कच्छच्या समुद्रात दिसतात. ट्रायअँग्युलॅरिस नावाची जात आहे, वेढ्याचा छेद त्रिकोणाकडे झुकणारा. मादागास्कारेन्सिस नावाची आहे, जी आधी मादागास्करमध्ये वर्णन केलेली. त्यानंतर कॅलोव्हियन काळ सुरू होताना क्रायसोऊलिथिकस येते. वागेन यांनी दिलेलं हे नाव सोनेरी कणांच्या खडकावरून आलंय. तो खडक खरोखर बारीक पिवळसर गोल दाण्यांचा आहे. त्याच्याही वर फॉर्मोसस, डायाडेमॅटस, सेमिलेव्हिस वगैरे. आकार बदलतो, फुगीरपणा कमीजास्त होतो, बरगड्या कुठपर्यंत टिकतात हे बदलतं.

यावरून एक मोठा गैरसमज दूर झाला. युरोपात मॅक्रोसेफॅलाइटिस बाथोनियनच्या अगदी अखेरीस आणि मुख्यतः कॅलोव्हियनच्या सुरुवातीला दिसतो. युरोपातल्या अभ्यासकांनी त्याला कॅलोव्हियनचा शिक्का मानलं. मॅक्रोसेफॅलाइटिस मिळाला की लिहा 'कॅलोव्हियन'. कच्छच्या थरांनाही तोच न्याय लावला गेला. पुढे इंडोनेशियातली सुला बेटं आणि न्यू गिनी इथल्या संग्रहांवर वेस्टरमान आणि कॅलोमन यांनी १९८८ मध्ये मोठं काम प्रसिद्ध केलं. त्याच्या आदल्या वर्षी, १९८७ मध्ये, बनारस हिंदू विद्यापीठाचे जय कृष्ण आणि वेस्टरमान यांचा कच्छवरचा निबंध आला होता. चित्र असं झालं की हे कुळ हिंदी महासागराच्या बाजूचं. आपल्याकडे ते आधीपासून होतं, युरोपात ते नंतर पोचलं. पाहुण्याच्या येण्याची तारीख त्याच्या जन्माची तारीख धरली गेली होती.

आणि कच्छ-मादागास्करमध्ये सारख्याच जाती का? कारण त्या वेळी भारत आणि मादागास्कर एकमेकांना लागून होते. आफ्रिकेची बाजू आणि आपली बाजू यांच्या मध्ये समुद्राचा एक फाटा शिरत होता. त्याच पाण्यात ही मंडळी वावरायची. मादागास्कर आपल्यापासून तुटलं ते फार नंतर, सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी.

नावांचा पूर आणि एक रसायनशास्त्रज्ञ

आता थोडं मागे जाऊ. वागेन यांच्यानंतर पन्नासेक वर्षांनी लंडनमध्ये एल. एफ. स्पाथ यांनी कच्छच्या शीर्षपादांची पुन्हा तपासणी केली. १९२७ ते १९३३ या काळात तो ग्रंथ निघाला. ९४५ पानं, १३० चित्रफलक. आजही कच्छचा अमोनाइट ओळखायचा तर तो उघडावाच लागतो. पण स्पाथ यांचा स्वभाव विभागण्याचा. जरा फरक दिसला की नवी जाती, थोडा जास्त दिसला की नवी प्रजाती. मॅक्रोसेफॅलाइटिसच्या आसपास इंडोसेफॅलाइटिस, कॅम्प्टोकेफॅलाइटिस, डोलिकेफॅलाइटिस, प्ल्यूरोसेफॅलाइटिस अशी नावं वापरात होती. काही स्पाथ यांची, काही त्यांच्या आधीच्या बकमन यांची. एकाच थरातून काढलेल्या एका टोपलीभर अमोनाइटांना डझनभर नावं.

यावर प्रश्न पडायला हवा. एका समुद्रात, एकाच वेळी, एकमेकांच्या इतक्या जवळच्या इतक्या जाती एकत्र नांदतात का?

उत्तराचा मोठा भाग १९६२-६३ मध्ये मिळाला. पोलंडचे माकोव्स्की आणि इंग्लंडचे जॉन कॅलोमन यांनी वेगवेगळं काम करून जवळपास एकाच वेळी एक गोष्ट मांडली. हे कॅलोमन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते, अमोनाइट हा त्यांचा आयुष्यभराचा छंद. मांडणी अशी : ज्यांना आपण दोन जाती म्हणतो, त्यातल्या कित्येक जोड्या म्हणजे नर आणि मादी आहेत.

कशावरून? चार कसोट्या बघा. एक, दोन्ही एकाच थरात मिळाले पाहिजेत, आणि थरांतून वर जाताना दोघांत बदलही बरोबरीने झाला पाहिजे. दोन, आतले वेढे, म्हणजे बालपण, अगदी सारखं पाहिजे. तीन, दोघेही पूर्ण वाढलेले पाहिजेत. ते कसं ओळखायचं? वाढ थांबत आली की शेवटचे काही पडदे एकमेकांच्या फार जवळ पडतात, शिवणरेषांची दाटी होते. चार, आकारात ठळक दरी पाहिजे, मधल्या मापाचे प्रौढ मिळता कामा नयेत. मॅक्रोसेफॅलाइटिसमध्ये हे छान दिसतं. मोठा ताटाएवढा होतो आणि त्याच्या शेवटच्या खोलीवरच्या बरगड्या पुसट होऊन ती गुळगुळीत होते. छोटा आमटीच्या वाटीएवढ्यावर थांबतो आणि त्याच्या बरगड्या शेवटपर्यंत ठळक राहतात. मोठी बहुधा मादी, कारण अंडी धरायला जागा लागते. छोटा नर.

म्हणजे झालं काय, तर आपण नवऱ्याला एका प्रजातीत आणि बायकोला दुसऱ्या प्रजातीत टाकून बसलो होतो! फ्रान्समधल्या तिएरी यांनी १९७८ मध्ये मोजमापांच्या आधारे युरोपातल्या मॅक्रोसेफॅलाइटिसची अशीच छाननी केली. स्पाथ-बकमन काळातली पुष्कळ नावं आज एकाच मॅक्रोसेफॅलाइटिसमध्ये जमा धरली जातात.

यात स्पाथ यांना नावं ठेवायचं कारण नाही. त्यांनी प्रत्येक नमुन्याचं चित्र आणि ठिकाण छापून ठेवलं, म्हणून पुढच्यांना जोड्या लावता आल्या. वर्गीकरण चुकलं तरी नोंद चांगली असेल तर चूक दुरुस्त होते. नोंद नसेल तर बरोबर वर्गीकरणही सिद्ध करता येत नाही.

कुळाचा शेवट, आणि एक फसवा नातू

कॅलोव्हियनच्या पुढच्या टप्प्यात या कुळातून कच्छ-मादागास्करच्या पाण्यात एक स्थानिक शाखा फुटली. यूसायक्लोसेरास, इडिओसायक्लोसेरास, सबकॉस्माशिया. वेढे अधिक चपटे, बरगड्या बाहेरच्या कडेवर पुढे झुकलेल्या. पण यांचं बालपण फोडून बघा, आतले वेढे मॅक्रोसेफॅलाइटिसची आठवण करून देतात. म्हणून त्यांची सांधेजोड याच कुळाशी. जादवपूर विद्यापीठाचे सुभेंदु बर्धन आणि त्यांचे सहकारी यांनी या शाखेवर कच्छमध्ये थराथराने काम केलं, आणि इथेही नर-मादीच्या जोड्या लावल्यावर नावं आटोपली. कॅलोव्हियनच्या मध्यानंतर ही शाखा संपली. त्या समुद्रात मग पेरिस्फिंक्टिडी, राइनेकाइडी अशा दुसऱ्या कुळांचं राज्य आलं.

चारी थरांच्या अगदी माथ्यावर ढोसा ऊलाइट नावाचा ऑक्सफर्डियन काळातला प्रसिद्ध थर आहे. त्यात मायाइटिस मिळतो. फुगीर, गरगरीत, बारीक बरगड्यांचा. पहिल्यांदा पाहणारा हमखास म्हणतो, "हा मॅक्रोसेफॅलाइटिसच." पण दोघांच्या मध्ये बराच काळ गेलेला आहे. स्पाथ यांनी मायाइटिससाठी स्वतंत्र कुळ केलं, मायाइटिडी, आणि ते टिकलं. गुंडाळीदार कवच फुगवायचे मार्ग मोजकेच असतात. वेगवेगळे वंश पुन्हा पुन्हा त्याच आकाराला येतात. आडनाव सारखं म्हणून सोयरीक जुळत नाही, तसंच हे. मधला काळ ओलांडणारा पुरावा थरांत दाखवावा लागतो.

वरच्या पातळीवर आजही मतभेद आहेत. काही जण मॅक्रोसेफॅलिटिडी हे स्वतंत्र कुळ मानतात, काही जण त्याला स्फेरोसेराटिडी या आधीच्या कुळातलं उपकुल समजतात. वंश तोच. प्रश्न एवढाच, की या शाखेला वेगळा उंबरठा द्यायचा, की मूळ घरातच धरायचं.

परत लालबागला

त्या सतरा चिठ्ठ्यांमध्ये दोन चिठ्ठ्यांवर एकच टेकडी, एकच थर आणि एकच तारीख होती. एक दगड ताटाएवढा, गुळगुळीत. दुसरा वाटीएवढा, बरगड्यांचा. मामंजींनी चिठ्ठीवर दोघांना स्पाथ यांच्या पद्धतीने दोन वेगळी नावं लिहिली होती. आम्ही दोन्ही दगड शेजारी ठेवले. छोट्याचे बाहेरचे वेढे आणि मोठ्याच्या तुटक्या बाजूने दिसणारे आतले वेढे सारखे. दोन्हींवर शेवटच्या शिवणरेषांची दाटी. काकूंना म्हटलं, "हे जोडपं आहे. एकाच पाण्यातलं." त्या जरा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मामंजींना कळलं होतं का?" चिठ्ठीवरून तरी नव्हतं कळलं. पण त्यांनी दोघांना एकाच कागदात गुंडाळून ठेवलं होतं आणि थर लिहिला होता, म्हणून आम्हाला कळलं.

याच्या उलट अनुभवही आमच्या गाठीशी आहे. एका संस्थेत, नाव घेत नाही, रंगकामासाठी कपाटं हलवली. कोणीतरी स्वच्छतेच्या चांगल्या हेतूने दगड धुतले आणि चिठ्ठ्या वेगळ्या डब्यात ठेवल्या. शेकडो नमुने. दगड सगळे जागेवर आहेत, चिठ्ठ्याही सगळ्या आहेत, आणि संग्रह मात्र संपला. आम्ही दोघे तेव्हा तिथे शिकत होतो. चिठ्ठ्या आणि दगड जुळवायला तीन महिने बसलो, मोजके सोडले तर जुळले नाहीत. म्हणून लालबागला आम्ही न बघता "चिठ्ठीवाले" म्हणालो.

पंधरा दिवसांत ते सतरा दगड चिठ्ठ्यांसकट एका कॉलेजच्या भूशास्त्र विभागाने नोंदवहीत चढवून घेतले. बाकीचे आम्ही शाळांत घेऊन जातो. मुलं हातात घेतात, कप्पे मोजतात, त्यासाठी ते उत्तम आहेत. तो सगळ्यांत देखणा दगड आज इथे टेबलावर ठेवलाय. जाताना जरूर हातात घ्या. त्याचं कुळ सांगता येतं, प्रजाती सांगता येते. तो कोणाच्या आधीचा आणि कोणाच्या नंतरचा, हे मात्र आता कोणालाच सांगता येणार नाही.

चाळी पडतायत, घरं बदलतायत. माळ्यावर, खाटेखाली कोणाच्या मामंजींची, आजोबांची अशी ट्रंक असेल. दगड पुसू नका, कागद फेकू नका, दोन्ही एकत्र ठेवा आणि जवळच्या कॉलेजातल्या भूशास्त्र विभागाला विचारा. एवढीच विनंती.

श्रोत्यांचे प्रश्न

*आमच्या गिरगावच्या घरी देवघरात शाळिग्राम आहे. तो याच कुळातला का?*

शाळिग्राम नेपाळमधल्या काली गंडकीच्या पात्रातले. काळ्या गोट्यांत जे चक्र दिसतं ते बहुतेक वेळा अमोनाइटचंच. पण ते थर ज्युरासिकच्या उत्तरार्धातले, म्हणजे मॅक्रोसेफॅलाइटिसच्या नंतरचे. त्यात पेरिस्फिंक्टिडी आणि त्यांचे वंशज जास्त. आपल्या परंपरेनेही शाळिग्रामांचं वर्गीकरण केलंय : चक्रं किती, वदन कसं, रंग कोणता, त्यावरून लक्ष्मीनारायण वगैरे नावं. ते पूजेसाठीचं वर्गीकरण, आमचं वंशासाठीचं. दोन्हींचे प्रश्न वेगळे, त्यामुळे भांडण नाही. आणि कृपा करून आतले वेढे बघायला तो फोडू नका!

*अमोनाइट सगळे संपले आणि नॉटिलस उरला, असं का?*

अनेकांना पटणारं एक कारण असं : अमोनाइटची पिल्लं अगदी बारीक, समुद्राच्या वरच्या थरात तरंगणारी. ६.६ कोटी वर्षांपूर्वी अशनी आदळला, दख्खनचे ज्वालामुखीही धगधगत होते. वरच्या पाण्यातली अन्नसाखळी कोसळली. नॉटिलसची अंडी मोठी, पिल्लू बरंच वाढून बाहेर येतं, आणि तो खोल पाण्यातही भागवतो. वाईट काळ त्याला काढता आला.

*मुलांना कच्छला नेलं तर त्यांनी अमोनाइट उचलावेत का?*

आधी फोटो काढा, जागा आणि थर लिहा, आणि शक्य असेल तर तिथेच राहू द्या. कोणाला खरंच अभ्यास करायचा असेल तर जाणकारांबरोबर, रीतसर परवानगीने. खिशात घालून आणलेला दगड वर्षभर शोकेसमध्ये बसतो, मग माळ्यावर जातो. आणि त्याचं पुढे काय होतं, ते आपण आज ऐकलंच.